तेलाची धार बारीकच होती

मी एक खल आहे. काळ्या दगडाचा, एकट्यानं उचलायला गेलात तर दोन दिवस कंबर धरून बसाल इतका जड. आज बोलतोय ते स्वतःची थोरवी सांगायला नव्हे. माझ्याकडून एक चूक झाली आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत, पण चूक व्हायला हातपाय लागतातच असं कुठं आहे? नुसतं गप्प बसूनही ती होते.

एका पाथरवटानं मला जिन्याच्या उरलेल्या पायरीतून घडवलं. माझी भावंडं कुठल्याशा इमारतीत बसली असतील, माणसं त्यांच्या अंगावरून चढत-उतरत असतील. माझं पोट कोरताना जो दगड निघाला त्याचाच बत्ता केला. त्यामुळे तो माझा मुलगा की जोडीदार, याचा निकाल आम्ही अजून लावलेला नाही.

मला विकत घेतलं ताईच्या आईनं. बस डेपोसमोर तिचं दुकान होतं. दुकान म्हणजे रस्त्याकडे उघडणारी एक खिडकी. मागच्या खोलीत कढई, ओटा आणि ओट्याच्या कोपऱ्यात मी. तिथं बटाट्याचे काप तळून मिळायचे. काप काय, कुठंही मिळतात. रांग लागायची ती त्यांच्याबरोबरच्या सॉससाठी.

तो सॉस माझ्या पोटात व्हायचा. आधी लसूण आणि मीठ, मग भिजवलेल्या लाल मिरच्या, सगळं लोण्यासारखं मऊ होईस्तोवर वाटायचं. मग अंड्यांचा पिवळा बलक. मग तेल, तेही थेंबाथेंबानं आणि नंतर सुतासारख्या धारेनं. तेल जिरत गेलं की सॉस सायीसारखा दाट आणि केशरी होत जातो. शेवटी लिंबू. पहिल्या घासाला जिभेला गोडवा लागतो आणि तिसऱ्या घासाला कानातून धूर निघतो. घाई केलीत, एकदम तेल घातलंत, की सगळं फाटतं. तेल एकीकडे, बलक एकीकडे. मग तो सॉस टाकूनच द्यावा लागतो.

हे काम दोघांचं. एकानं घोटायचं, एकानं ओतायचं. आईनं नियम घालून दिला होता, तो असा: ओतणाऱ्यानं फक्त धारेकडे बघायचं, खलात डोकवायचं नाही, घोटणारी ‘थांब’ म्हणाली की थांबायचं. यापलीकडे ओतणाऱ्याला मत नाही.

आणि घोटणाऱ्यानंही बघायचं नाही. ऐकायचं. तेल जिरत असतं तेव्हा माझा आवाज भरल्या पोटाच्या माणसासारखा निघतो, जड आणि गच्च. तेल जास्त होऊ लागलं की बत्ता घसरतो आणि मी पातळ, पोकळ वाजतो. तो आवाज आला रे आला की ‘थांब’. ताई हे आईच्या मांडीला मांडी लावून शिकली. आई गेल्यावर ताई घोटायला बसली. नजर खिडकीबाहेर, गिऱ्हाइकांशी गप्पा चालू, आणि मध्येच मान तिरकी करून म्हणायची, “थांब.” लोक बघत राहायचे. ताई म्हणायची, “बघून कळतंय होय? ऐकावं लागतं.” ताईचा स्वतःच्या कानांवर भारी जीव.

तेल ओतायचं काम तिच्या धाकट्या भावाकडे होतं. त्याला सगळे बाळ्या म्हणतात. हा बाळ्या नव्वद किलोचा. त्याचं लग्न झालं तसा तो कढईकडे गेला आणि तेलाचं भांडं वहिनीच्या हातात आलं. वहिनी शांत, कामाला चोख. महिन्याभरात लोक तिच्याशी खिडकीतून बोलू लागले. ताई एकदा मला घासताना पुटपुटली, “कानामागून आली आणि तिखट झाली.” मला ते ऐकून बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? वहिनी नवी होती आणि मी ताईचा होतो.

त्यानंतर काही महिन्यांतच ताईला कमी ऐकू येऊ लागलं.

हे सगळ्यांत आधी मला कळलं. ती माझ्यावर वाकायला लागली. आधी चार बोटं, मग वीतभर. मी पोकळ वाजायला लागायचो आणि ‘थांब’ एक श्वास उशिरा यायचं, मग दोन श्वास. कसाबसा सॉस सावरायचा. डोकावून बघितलं असतं तर निभावलं असतं. पण जी बाई आयुष्यभर ‘बघून काय कळतंय’ म्हणत आली, ती बघणार कशी?

एका सुट्टीच्या दिवशी रांग पार डेपोच्या फाटकापर्यंत गेली होती. मी पोकळ वाजलो. आणखी पोकळ वाजलो. ताई बाहेर बघत हसत होती. वहिनीची नजर धारेवर, नियमाप्रमाणे. ‘थांब’ आलंच नाही. ताईच्या हाताला बत्ता बुळबुळीत लागला तेव्हा तिनं खाली पाहिलं. सॉस फाटला होता.

रांगेतला कंडक्टर, आमचं रोजचं गिऱ्हाईक, म्हणाला, “काय ताई, आज कोरडेच खायचे का?”

ताईनं बत्ता बाजूला ठेवला. ती म्हणाली, “मी काय करू? ही वहिनी. हिला धार म्हटलं की नळ सोडते.”

रांग हसली. बाळ्याही हसला. वहिनीनं हातातल्या भांड्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, “जास्त पडलं का?”

तेलाची धार बारीकच होती. सुतासारखी. मी स्वतः अंगावर घेतली होती.

त्या दिवसापासून वहिनीचं नाव ‘नळ’ पडलं. कंडक्टर खिडकीशी आला की विचारायचा, “आज नळ चालू की बंद?” आणखी तीनदा सॉस फाटला आणि तिन्ही वेळा ताईनं नुसता सुस्कारा सोडला. तेवढा पुरायचा. नाचता येईना अंगण वाकडं, पण अंगण बिचारं ऐकून घेत होतं. बाळ्या रात्री जेवताना बायकोला सांगायचा, “जरा हळू ओतत जा गं.” वहिनी मान हलवायची. तिचं खिडकीतलं बोलणं बंद झालं. भांडं ती दोन्ही हातांनी धरायला लागली.

तुम्ही म्हणाल, दगड तू, तू काय करणार होतास? हेच मीही स्वतःला सांगत होतो. मला बोलता येत नाही, ही गोष्ट खरी. पण बोलता आलं असतं तर मी बोललो असतो का? नसतो. माझी ताई वाचतेय ना, मग झालं, असं मला वाटत होतं. बोलता न येण्यामागं मी मस्त लपून बसलो होतो.

दुपारी जेवणं झाली की खिडकी दोन तास बंद असते. अशाच एका दुपारी वहिनी एकटीच आत आली. तिनं तेलाच्या भांड्यात पाणी भरलं आणि माझ्या रिकाम्या पोटात ओतायला लागली. बारीक धारेनं, श्वास रोखून. भांडं रिकामं झालं की पाणी उपसायचं, पुन्हा भरायचं, पुन्हा ओतायचं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. स्वतःच्या हाताला दटावत होती, “हळू. हळू. तुला साधं ओतता येत नाही?”

दगडाला पाझर फुटतो म्हणतात. मला काही फुटला नाही, पण ते थंड पाणी अंगावर पडताना माझी मलाच लाज वाटली.

चौथ्या दिवशी ताई विसरलेला चष्मा घ्यायला आली आणि दारातच थांबली. वहिनीची पाठ तिच्याकडे होती. ताईनं ती धार बघितली. सबंध भांडं रिकामं होईपर्यंत धार एकदाही जाड झाली नाही, एकदाही तुटली नाही. ताई दाराच्या चौकटीला धरून तशीच खाली बसली.

वहिनी दचकली. “ताई, मी नुसता सराव करत होते. पाणीच आहे.”

“तुझा हात चांगला आहे,” ताई म्हणाली. “पहिल्यापासून चांगला आहे. मला ऐकू येत नाही गं. खल वाजलेला कळत नाही मला. मला ठाऊक होतं, आणि मी तुझ्यावर ढकललं.”

मला वाटलं, आता वहिनी गळ्यात पडेल. तसं काही झालं नाही. वहिनीनं भांडं ओट्यावर ठेवलं. तिचा चेहरा लाल झाला होता.

“चार महिने मी माझ्या हाताला शिव्या घालतेय,” ती म्हणाली. ताईला नीट कळावं म्हणून तिनं ते समोर बसून, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. “आणि आता मला एकटीला सांगून काय उपयोग? ज्यांच्यासमोर नळ म्हणालात, त्यांच्यासमोर सांगा.”

“मग बाळ्या मला इथं बसू देईल का? ह्या खलापलीकडे मला दुसरं काय येतं?”

“ते मला माहीत नाही, ताई.”

संध्याकाळी रांग लागली. कंडक्टर आला. “काय, नळ चालू की बंद?”

ताई उठून खिडकीशी गेली. तिला हळूच सांगायचं असावं. पण स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू न येणारं माणूस हळू कसं बोलणार? ती बोलली ते डेपोतल्या ड्रायव्हरांपर्यंत गेलं.

“नळबिळ काही नाही. मी बहिरी झालेय. सॉस माझ्यामुळे फाटत होता. खोटं मी बोलले होते.”

कंडक्टर पायातल्या चपलेकडे बघू लागला. बाळ्यानं झारा खाली ठेवला. म्हणाला, “मग घोटायला मशीन आणू या. ताई, तू घरी आराम कर.”

“मशीन नको,” वहिनी म्हणाली. “मला ऐकू येतं. मी घोटते. ताई ओततील.”

माफ केलं असं ती म्हणाली नाही. आजपर्यंत म्हणालेली नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनीनं बत्ता हातात घेतला आणि ताईनं तेल. आता पंचाईत अशी, की ओतणाऱ्याची नजर धारेवर, मग ‘थांब’ सांगायचं कसं? वहिनीनं ताईचा मोकळा डावा हात धरला आणि माझ्या पोटावर बाहेरून टेकवला. वाटण सुरू झालं. मी गच्च वाजत राहिलो. मग कुठंतरी मी पोकळ वाजलो, वहिनीनं ‘थांब’ म्हणायला तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी धार थांबली. ताईच्या तळव्याला कळलं होतं.

म्हणजे मला बोलता येत होतं. इतके महिने माझं बोलणं माझ्या अंगात होतं, नुसता एक हात लागायचा होता.

आता माझी एक कड उडाली आहे, आतून मी लसणीच्या वासानं कायमचा भरलो आहे. सॉस रोज होतो, रांग तशीच लागते. कंडक्टर आता वहिनीला ‘वहिनी’ म्हणतो. ताई रोज डावा हात माझ्यावर ठेवून बसते. तिचं ओझं त्या संध्याकाळी उतरलं. माझं राहिलंय, कारण खलाला कुणी जाब विचारत नाही. वहिनी मला रोज स्वतः घासते, कोमट पाण्यानं, कडेच्या चिरेपर्यंत. मला तिला सांगायचंय की धार बारीकच होती आणि मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुम्ही कधी त्या खिडकीशी गेलात, तर माझ्या वतीनं तेवढं तिला सांगा.