राबावरची ताडपत्री

धोंडीबाईचा थोरला, उमेश, मोखाड्याला मास्तर झाला आणि तेव्हापासून आईच्या शेतात पाहुण्यासारखा यायला लागला. यायचं, बांधावर उभं राहायचं, बुटाची माती झाडायची आणि हुकूम सोडून जायचं. यंदाचा हुकूम ऐकून तर सगळा पाडा हसला.

नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, रोपांची जागा भाजायला तिनं आणि धाकट्या रोहिदासनं राब रचला होता. खाली शेण, मग टहाळ, त्यावर पाचोळा, वरून माती. वारा पडला की पाड्यातले सगळे राब एकाच दिवशी पेटतात. घराघरातलं माणूस ठिणग्या राखायला उभं राहतं. मागं राहिलेल्याच्या राबाला मग कोण उभं राहणार? आणि राब भाजला नाही तर रोपाआधी तण डोकं काढतं.

उमेशला नेमकी तिथंच ती दिसली. गांडुळासारखी, तपकिरी, पाय नाहीत, डोळ्यांच्या जागी नुसतं कातडं.

"आये, साप नव्हे हा. आंधळी पाल आहे, मातीतच राहते. असले प्राणी अभ्यासणारे शहरातले सर बघायला येणार आहेत. तोवर पेटवायचं नाही. जिवाचं घर आहे ते."

"आम्ही काय तिचे वैरी? पेटवायच्या आधी काठी आपटतोच की रं. हादरा बसला की जाते खाली. माझ्या सासूच्या काळापासून जातेय."

"तुला नाही कळायचं त्यातलं."

त्यानं राबावर निळी ताडपत्री ओढली, कडेनं दगड ठेवले आणि गाडीला किक मारली. 

पाड्याचे राब जळून गार झाले. सर काही आले नाहीत. शेवटी धोंडीबाईनंच ताडपत्री फेकली. आत शेणाला घाम फुटलेला, पाचोळा चिकट होऊन बसलेला. अख्खी काडेपेटी संपली तरी नुसता धूर.

धूर बघून कोणीतरी फोन केला असावा. उमेश धावत आला. आला तो राबाची कड उकरायला बसला. पाल सापडली, तशी त्यानं मुठीत आवळली. तिची शेपूट तुटून मातीत वळवळत राहिली. उरलेली पाल त्यानं पाण्याच्या रिकाम्या बाटलीत घातली आणि उजेडाकडं धरून फोटो काढले.

"झालं बघ आये. सर म्हणाले, मोखाड्यालाच घेऊन या, पेपरवाले बोलावलेत. पेटव आता तुझा राब."

रोहिदास ओला पाचोळा पसरत होता. त्याचा हात थांबला.

धोंडीबाई उठली. बाटली त्याच्या हातातून काढून घेतली.

"जिवाचं घर म्हणून माझा राब कुजवलास, आणि त्याच जिवाला घरातून ओढून बाटलीत कोंबलंस. तुला तिची कीव नाही, आमची तर नाहीच. तुला पेपरात तुझं तोंड पायजे. ऐक मग. यंदा जी काय नागली होईल ती रोहिदासच्या पोरांची. तुझ्या घरी एक मूठ यायची नाही. बायकोनं विचारलं तर सांग, आयेनं नाही, मीच घालवली म्हणून."