अंगठा कुणाचा, हे मला ठाऊक होतं

मित्रांनो, मी दवाखान्यातला एक जुना पडदा आहे. तीन घड्या, लोखंडी पाइप आणि मधे हिरवं कापड. आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव संशयी आहे. पडद्याचा असावाच लागतो. कोण वाकून बघतंय, कुठे फट राहिली, यावर डोळा ठेवण्यातच माझा जन्म गेला.

माझा सांगाडा धारवाडजवळ बेलूरच्या कारखान्यात जोडला गेला आणि कापड धारवाडातल्या सुभाष रोडवरच्या दुकानातून आलं. मग एका टेम्पोत घालून मला अळणावरच्या पुढे, एका खेड्यातल्या आरोग्य केंद्रात आणून उभं केलं. तेव्हा माझं कौतुक फार. शिबिर असलं की भारतीअक्का, म्हणजे तिथल्या नर्सबाई, मला आधी पुसून घ्यायच्या.

शिबिर गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाच्या तपासणीचं असे. त्यात कापाकापी काही नसते. कापसाच्या बोळ्यानं तिथे पातळ केलेलं व्हिनेगर लावायचं, एक मिनिट थांबायचं आणि बघायचं. पांढरा डाग उमटला तर पुढची तपासणी धारवाडला. डाग म्हणजे कर्करोग नव्हे. पण पुढे तो होण्याआधीच थांबवता येतो, म्हणून तर हा खटाटोप.

गावाला मात्र हे पटत नव्हतं. "आत नेऊन पिशवी काढत्यात," अशी कुजबुज होती. बायका आधी माझ्यामागे डोकावून बघायच्या, कुणी लपलंय का म्हणून. त्यांचा राग मला कधी आला नाही. मीही तेच केलं असतं.

एकदा धारवाडहून आलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पूर्वी आपल्या बायकांत हाच कर्करोग सगळ्यांत जास्त होता. आता वर्षानुवर्षं कमी होत आलाय." सगळ्यांना बरं वाटलं. मला शंका आली, की आजार कमी झाला की तपासायला येणाऱ्या बायका? भारतीअक्कांनी हेच विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "शहरात खरंच घटलाय. खेड्यातल्या बायका अजूनही उशिरा येतात. वेळेवर तपासलं तर बरंच टळतं."

त्या दिवशी चाळीस बायकांची रांग होती. एक बाई तोंडावर पदर ओढून माझ्यामागे आली. "नाव?" भारतीअक्कांनी खाली मान घालूनच विचारलं.

"कविता मंजुनाथ."

"वय?"

"असंल की तीस-बत्तीस."

मला ते मुळीच पटलं नाही. टाचा भेगाळलेल्या, कानाजवळचे केस पिकलेले. पदर जरा सरकला तेव्हा मी ओळखलं, ही कविता नव्हे, कविताची सासू हिराबाई होती. महिनाभर अंगावरून जात होतं, म्हणून भीत भीत आली होती. पण आपलं नाव सरकारी कागदावर चढलं की पिशवी काढायला बोलावतील, ही धास्ती. कविताचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन आधीच झालेलं. पोरं बंद करायलाच पिशवी काढत असतील, तर तिला कोण कशाला बोलावील, असा तिनं हिशोब केला आणि सुनेच्या नावापुढे अंगठा उठवला. डाग निघाला. भारतीअक्कांनी समजावून सांगितलं, धारवाडची चिठ्ठी दिली. ती घरी जाता जाता तिनं फाडून टाकली असणार.

पुढचं मला नंतर रांगेतल्या बायकांच्या बोलण्यातून कळलं. आठवड्याभरानं केंद्रातून निरोप गेला, तो कविताला. "मी शिबिराला गेल्यालीच न्हाई," असं ती सांगत राहिली. तिच्या नवऱ्याला, मंजुनाथला, वाटलं, ही चोरून गेली आणि आता लपवते. त्यानं तिला धारवाडला नेलं. तिथे तिच्यात काहीच सापडलं नाही. गाव म्हणालं, बघा, नसलेले डाग दाखवतात. मंजुनाथ बायकोशी धड बोलेना. आणि हिराबाई दोघांना भाकरी वाढत गप्प बसून राहिली.

तीन महिन्यांनी पुन्हा मला उभं केलं. रांगेत चारच बायका. कविता तणतणत आत आली.

"अक्का, माजं नाव कुणी दिलं?"

भारतीअक्कांनी वही उघडली. कविता वाकली. "हा अंगठा हाय. मला सही येतीया. धा इयत्ता शिकलेय मी."

भारतीअक्का खुर्चीत टेकल्या. "मग डाग कुणाचा गं?"

मित्रांनो, मला ठाऊक होतं. इतकी वर्षं बायकांचं झाकायला उभा राहिलो, त्याचा मला अभिमान होता. त्या क्षणी मात्र मला माझी लाज वाटली, कारण मला बोलता येत नव्हतं.

कवितानं वही मिटली. मग तिचा आवाज खाली आला. "माजं नाव जाऊ दे, अक्का. ती बाई तशीच घरात बसली तर काय हुतंय?"

"वाढत जातं. मग हाताबाहेर जातं."

"मग तिला हुडका की. कुणाची तरी आईच असंल ती."

माझ्या पलीकडे व्हरांड्यात कुणीतरी हुंदका दिला. हिराबाई सुनेच्या पाठोपाठ आली होती. ती आत आली, पण कवितासमोर तिची मान वर होईना. "त्यो अंगठा माजा हाय," ती म्हणाली. "मी भ्याले, बाळ."

कविता रडली, रागावली, आणि दुसऱ्या दिवशी तीच तिला अळणावरहून गाडीनं धारवाडला घेऊन गेली. आजार अजून कर्करोगापर्यंत पोचला नव्हता. तेवढी जागा काढून टाकली, पिशवी जागेवरच राहिली. मंजुनाथनं बायकोची माफी मागितली, असं म्हणतात. मी पाहिलेलं नाही, म्हणून खात्री देत नाही.

आता माझं कापड विरलंय, एक चाक निखळलंय. शिबिर नसताना मोडक्या वजनकाट्याशेजारी पडून असतो. कुणी नवं कापड शिवलं तर बरं वाटेल. फाटक्या पडद्यामागे बाई पुन्हा येत नाही. बाकी माझा स्वभाव काही सुटला नाही. रांगेत आलेल्या बायकांचा आता मी संशय घेत नाही. न आलेल्यांचा घेतो. अशी न आलेली बाई तुमच्या घरात तर नाही ना? आज घरी गेल्यावर, तपासून घेतलंस का, एवढं तिला विचारा, आणि ती "मला काय झालंय" म्हणाली, तर लगेच विश्वास ठेवू नका.