काकूंचे उसवलेले टाके

मित्रांनो, माझ्याकडे नीट बघा. मी एक जुनी कात्री आहे, बोटभर लांबीची, आणि डावखुरी. माझी पाती इतर कात्र्यांच्या उलट बाजूनं घडवलेली आहेत, त्यामुळे उजव्या हाताच्या माणसाशी माझं फारसं जमत नाही. स्वतःची कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा उसासे टाकत बोलतात. मला उसासे येत नाहीत. मला राग आला आहे, आणि तो का आला हे सांगितल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

माझा जन्म एका मोठ्या दवाखान्याच्या तळघरात झाला. तिथं शिवणखोली होती. चादरी, उशांचे अभ्रे, शस्त्रक्रियेच्या वेळचे हिरवे डगले, सगळं तिथंच शिवलं जाई. एकोणीस वर्षांची एक मुलगी तिथं कामाला लागली. ती डावखुरी होती आणि खोलीतली प्रत्येक कात्री उजवी. महिन्याभरात तिच्या अंगठ्याला घट्टा पडला. दवाखान्याची हत्यारं दुरुस्त करणाऱ्या एका अबोल कारागिरानं तो घट्टा पाहिला आणि एका मोडक्या चिमट्याच्या पोलादातून मला घडवलं. मोबदला म्हणून मुलीनं त्याच्या तीन विजारी आखूड करून दिल्या. ती मुलगी म्हणजे आमच्या काकू.

तीस वर्षांहून जास्त काळ मी त्यांच्या डाव्या हातात होते. पुढे त्या शिवणखोलीच्या प्रमुख झाल्या. नव्या मुली त्यांना वचकून असत, आणि त्याचं कारण मीच होते. एखादीची शिवण वाकडी गेली की काकू मला उचलत आणि तिच्यासमोर बसून टाके उसवत.

"हे टाके आहेत की वाट चुकलेल्या मुंग्या?" त्या म्हणत. "रडायचं असेल तर रडून घे. मग परत घाल. मी इथंच बसलेय."

मुली रडत. मग परत टाके घालत. आणि महिन्याभरानं त्याच मुली जेवायच्या सुट्टीत काकूंच्या शेजारची जागा पकडायला धावत. त्या काळात मी शेकडो टाके उसवले असतील, पण एकही चोरून उसवला नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा.

निवृत्त झाल्यावर काकू मला घेऊन गोधडी मंडळात आल्या. ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर दर गुरुवारी दुपारी दहा-बारा बायका जमायच्या. एक लांब टेबल, एक इस्त्री, चहाची किटली आणि भिंतीला टेकून ठेवलेले कापडाचे गठ्ठे, एवढाच संसार. मंडळाच्या प्रमुख होत्या बाई. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आणि निवृत्त झाल्या तरी शाळा त्यांच्यातून काही गेली नव्हती. त्यांचा उजवा हात म्हणजे बेकरीवाली. ती स्वभावानं मोकळी आणि हसरी, पण बाईंच्या शब्दापुढे तिचं काही चालत नसे.

मंडळाचं काम चांगलं होतं. मी रागात आहे म्हणून खोटं बोलणार नाही. वृद्धाश्रमातल्या लोकांच्या गुडघ्यांवर घ्यायला या बायकांनी छोट्या गोधड्या शिवल्या. एका इमारतीला आग लागून आठ कुटुंबं उघड्यावर पडली, तेव्हा दहा दिवसांत बावीस गोधड्या उभ्या केल्या. त्या दहा दिवसांत काकू एखाद्या सेनापतीसारख्या उभ्या होत्या आणि मला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. आणि बाराही महिने चालणारं काम म्हणजे दवाखान्यातल्या दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांसाठी हातभर लांबीच्या गोधड्या. प्रत्येक गोधडीच्या मागे जिनं ती शिवली तिच्या नावाची छोटी पट्टी असायची. काकूंनी मला सामाईक डब्यात ठेवलं होतं. "सगळ्यांनी वापरा," त्या म्हणाल्या होत्या, "फक्त कागद कापलात तर बोटं मोडीन."

तीनेक वर्षांपूर्वी काकूंचा हात थरथरायला लागला. सुरुवातीला कमी, मग चहाचा कप बशीवर वाजण्याइतका. त्यांचे टाके लांब पडू लागले, सैल राहू लागले, ओळी भरकटू लागल्या. मला हे सगळ्यांत आधी कळलं, कारण तो हात माझा होता.

एक दिवस दवाखान्यातली नर्स एक गोधडी परत घेऊन आली. त्या दिवशी काकू आल्या नव्हत्या. एका सैल टाक्यात बाळाचं बोट अडकलं होतं. बाळाला काही झालं नाही, वेळीच लक्षात आलं. पण गोष्ट साधी नव्हती, आणि गोधडीमागे पट्टी काकूंच्या नावाची होती.

इथपर्यंत चूक काकूंची. मी ती झाकणार नाही. बाळाचं बोट काकूंच्या मानापेक्षा मोठं, हे काकूंनीच सगळ्यांच्या आधी म्हटलं असतं. त्यांना विचारलं असतं तर!

"काकूंना काही सांगायचं नाही," बाई म्हणाल्या. "या वयात त्यांचं मन मोडायचं नाही. आपण नंतर नीट करून घेऊ."

"पण सांगितलं तर त्या कापड कापायचं काम घेतील ना," बेकरीवाली चाचरत म्हणाली. "नाहीतर इस्त्री करतील."

"मी म्हटलं ना, नाही."

झालं. त्या गुरुवारपासून तो प्रकार सुरू झाला. दोन तास काकू मान मोडून टाके घालत. बायका येता-जाता म्हणत, "वा काकू, काय सुरेख!" चारला काकूंची बस असे. त्या जिना उतरल्या की बायका सुया खाली ठेवत. बेकरीवाली खिडकीशी उभी राही.

"गेल्या का?" बाई विचारत.

"बस वळली."

"आणा ती गोधडी."

आणि बाई डब्यात हात घालून मला उचलत. का, तर माझं टोक सगळ्यांत बारीक. काकूंच्याच कात्रीनं काकूंचे टाके! माझ्या तळापासून टोकापर्यंत आग होई. शिवणखोलीत मी समोरासमोर उसवत होते, इथं पाठ फिरताच उसवायला लागले. मग दोघी-तिघी मिळून त्याच जागी बारीक, सरळ धावदोरा घालत आणि गोधडी होती तशी घडी करून काकूंच्या खुर्चीवर ठेवत. एकदा मी बाईंच्या अंगठ्यात घुसले. मुद्दाम घुसले. "ही मेली उलटी कात्री," बाई म्हणाल्या, अंगठ्याला चिंधी बांधली आणि पुन्हा कामाला लागल्या. कात्रीच्या हातात याहून जास्त काय असतं?

आता मित्रांनो, तुम्ही म्हणाल, यात एवढं रागावण्यासारखं काय? बाळांना चांगल्या गोधड्या मिळाल्या, काकू खूष राहिल्या. मलाही असंच वाटलं असतं तर बरं झालं असतं. पण काकू आंधळ्या नव्हत्या. वर्षानुवर्षं टाके तपासलेल्या त्या. घरी जाताना त्यांना आपल्या वाकड्या ओळी दिसत होत्या. आणि पुढच्या गुरुवारी घडी उघडली की त्याच ओळी सरळ!

पहिल्यांदा त्यांनी चष्मा पुसला. नंतर एकदा गोधडी खिडकीशी नेऊन उलटसुलट करून पाहिली. धावदोऱ्यावर कुणाचा हात ते ओळखू येत नाही. काठाच्या तुरपाईवर येतं, पण काठ सगळ्यांत शेवटी शिवला जातो, आणि तो बाई ज्या संध्याकाळी बदलत, तिच्या दुसऱ्या सकाळी गोधडी दवाखान्यात गेलेली असे.

एका गुरुवारी काकू लवकर आल्या. खोलीत फक्त बेकरीवाली होती.

"तुला म्हणून सांगते," काकू हळूच म्हणाल्या. "मला टाके वाकडे दिसतात. आठवड्यानं बघते तर सरळ. डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवलं, तो म्हणाला डोळे छान आहेत. मग दोष डोक्यातच ना गं? माझं डोकं फिरायला लागलंय का?"

मी डब्यात होते. मला वाटलं, आता ही बोलेल. आता हिला बोलावंच लागेल. बेकरीवालीचा चेहरा लालबुंद झाला. तिनं किटलीचं झाकण उघडलं, परत लावलं.

"वयानं होतं असं, काकू," ती म्हणाली.

वयानं होतं असं! मी पोलादाची आहे म्हणून टिकले, नाहीतर त्या शब्दांनीच माझे दोन तुकडे झाले असते. बाईंनी टाके उसवले होते. हिनं त्या दिवशी काकूंचा स्वतःवरचा विश्वास उसवला, आणि तो परत कुणी घातला नाही.

त्यानंतर काकू बदलल्या. गॅस बंद केला का हे शेजारणीला फोन करून बघायला सांगू लागल्या. बस चुकेल म्हणून तासभर आधी थांब्यावर जाऊन उभ्या राहू लागल्या. त्यांच्या नातीला दिवस गेले होते. बायकांनी अभिनंदन केलं तर म्हणाल्या, "मी तिला सांगून ठेवलंय, बाळ माझ्या हातात द्यायचं नाही. माझा काही भरवसा नाही." बायका खाली मान घालून शिवत राहिल्या. तेव्हासुद्धा कुणी तोंड उघडलं नाही. दहा-बारा तोंडं होती त्या खोलीत, चहा प्यायला एरवी सगळी उघडत.

नातीला दोन महिने आधीच मुलगी झाली. त्यानंतरच्या गुरुवारी काकू आल्या त्या बसल्याच नाहीत. त्यांनी पिशवीतून एक छोटी गोधडी काढली आणि टेबलावर पालथी टाकली. मागे त्यांच्याच नावाची पट्टी होती.

"नर्सनं माझ्या पणतीला नेमकी माझ्या नावाची गोधडी दिली," काकू म्हणाल्या. "म्हणाली, पणजीच्या हातची आहे. मी काठ बघितला. ही तुरपाई कुणाची?"

"तुमचीच काकू," बाई म्हणाल्या. "किती नीटनेटकी..."

"माझी तुरपाई डावीकडे कलते. जन्मभर कलत आलीये. ही उजवीकडे कललेली आहे. बाई, तुम्ही शाळा चालवलीत, मला डावं-उजवं शिकवू नका. ही कुणाची?"

बेकरीवालीला रडू फुटलं आणि तिनं सगळं सांगितलं. नर्स, बाळाचं बोट, खिडकी, बस, दोन वर्षं.

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून केलं हो," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता.

"वाटू द्यायचं होतं की वाईट!" काकू कडाडल्या. शिवणखोलीतला तो आवाज मी कितीतरी वर्षांनी ऐकला. "वाईट वाटून मी काय मेले असते? चार दिवस रडले असते आणि इस्त्री हातात घेतली असती. लेकराचं बोट अडकलं आणि मला सांगितलं नाहीत? मी पुढे टाकाच घातला नसता! दोन वर्षं मला वाटतंय, माझं डोकं फिरलं. मी झोपताना रोज स्वतःला नातवंडांची नावं विचारते, विसरले तर नाही ना म्हणून. माझी पणती आठवड्याची झाली. आज तिला आईजवळ देणार आहेत. आणि मी हात मागे बांधून बसायचं ठरवलं होतं, का, तर तुमचं मन फार मऊ!"

काकूंनी मला डब्यातून उचललं. हात थरथरत होता, पण त्यांनी मला बरोबर धरलं. त्या गोधडीमागची आपल्या नावाची पट्टी त्यांनी चार टाके कापून काढली आणि पदरात खोचली. गोधडीची नीट घडी करून पिशवीत ठेवली. मला वाटलं, आता मीही पिशवीत जाणार. मी तयारच होते.

त्यांनी मला टेबलावर ठेवलं. "ही राहू दे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला लागते." आणि पिशवी खांद्याला लावून जिना उतरून गेल्या, पणतीला मांडीवर घ्यायला.

त्या पुन्हा आल्या नाहीत. बाईंनी दोनदा चिठ्ठी पाठवली, दोन्ही न उघडता परत आल्या. बेकरीवाली मात्र दवाखान्यात जाऊन आली, आणि तिनंच सांगितलं की मुलगी बाळसं धरतेय आणि काकू तिला तासन्‌तास खाली ठेवत नाहीत. आता डब्यातून मला कुणी उचलत नाही. बाईंनी एकदा माझ्या पात्यांना तेल लावलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझा राग काही त्या तेलानं गेला नाही.

मित्रांनो, इतर वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला पुसा, जपा, अडगळीत टाकू नका. मला गंज चढला तरी चालेल. माझं मागणं वेगळं आहे. कुणाचं काम बिघडलं तर त्याच्यासमोर बसा आणि बिघडलं म्हणून सांगा. तो चिडेल, तुम्हाला वाईट ठरवेल, कदाचित रडेलही. रडू द्या, उठून जाऊ नका. पण त्याच्या पाठीमागे सगळं सरळ करून ठेवून त्याला वेडं ठरवू नका. माणसाला आपला हात थरथरतो हे कळलं तर तो दुसरं काम शोधतो. आपलं डोकं ठिकाणावर नाही असं वाटलं तर तो आपल्याच पणतीला हात लावत नाही.