बिनकाडीची आग

थंडी पडली आणि आमची गाडी रुसली. एरवी घोड्यासारखी पळणारी, पण सकाळच्या गारठ्यात चावी फिरवली की नुसती खर्रर्र करायची, मागून पांढरा धूर सोडायची आणि गप. ऊन चढलं की साळसूदासारखी चालू. आता हिंजवडीच्या कंपन्यांच्या कँटीनला भाजी काय ऊन चढल्यावर पोचवायची? तिथल्या मॅनेजरनं अभयला बजावलं, पुन्हा उशीर झाला तर दुसरी गाडी लावतो.

अभय माझा मुलगा. तोंडानं कमी, डोक्यानं गरम. त्यानं जुन्या गाड्या विकत घेणाऱ्या घोटावड्याच्या शंभूला निरोप धाडला, की येऊन गाडी घेऊन जा. मला सांगितलं ते निरोप गेल्यावर.

गाडी म्हणजे छोटा ट्रक. आमच्या घरातली पहिली. तिच्या कपाळावर माझ्या गेलेल्या मालकांचं नाव रंगवलेलं आहे, ज्ञानदेव, पिवळ्या अक्षरांत. माझं वाचणं बेताचं, पण ते नाव मी लांब भरे गावच्या फाट्यावरून ओळखते. शंभूनं गाडी नेली म्हणजे पहिलं काम ते नाव पुसायचं. त्याला सवयच आहे. लग्न केलं तेव्हाही त्यानं आधी बायकोचं नाव बदललं, मग तिचं तोंड बघितलं.

उपाय आम्ही सगळे करून चुकलो होतो. शेजारच्या सगुणाबाईनं इंजिनावर गरम पाणी ओतायला सांगितलं, ओतलं. अभय इंजिनाखाली शेकोटी करायला निघाला, तेव्हा मी म्हणाले, कर बाबा, म्हंजे शंभूला राख न्यायला पोतं पुरंल.

शंभू यायचा होता त्या दिवशी सुनेला सुट्टी होती. धम्मदीपा, नवी सून. आयटीआय शिकलेली, कारखान्यात इंजिनं जोडते. लग्नाच्या सामानात तिनं भांड्यांच्या आधी पान्यांची पेटी उतरवली. मी म्हणाले, बाई, ह्यात पीठ कुठं मळायचं? तर लगेच म्हणते, आत्या, तुमची परात हाय की. मला आत्या म्हणते आणि तोंडाला तोंड देते. मला ते आवडतं, पण तिला सांगायला कशाला जा.

अभय तिला गाडीला हात लावू देत नव्हता. नाक्यावर पोरं हसतील म्हणायचा. त्या दिवशी त्यानं सेल्फ मारला. खर्रर्र, धूर, गप. परत मारणार तेवढ्यात तिनं खिडकीतून हात घालून चावीच काढून घेतली.

"बॅटरीचा जीव घेताय फुकट. जरा ऐकू द्या मला."

मग तिनं त्याला एकदाच सेल्फ मारायला लावला आणि आपण मागं जाऊन धुरात हात धरला. हाताचा वास घेतला. मला वाटलं, नवऱ्याचं डोकं गरम, हिचं पार फिरलेलं. पण तिनं आम्हाला सांगितलं ते असं. सेल्फ जोरात फिरतोय, म्हणजे बॅटरी धड. धुराला कच्च्या डिझेलचा वास, म्हणजे डिझेल आत पडतंय. पडतंय, पण पेटत नाही.

मी विचारलं, मग पेटवतं कोण? काडी कुठं ठेवलीय?

"काडी न्हाईच आत्या. हवाच पेटवती."

मला वाटलं, माझी थट्टा चालवलीय. म्हणून म्हणाले, तुझ्या माहेरी हवेवर चहा करत असतील, हितं गॅस लागतो. ती हसली नाही. आतून सायकलचा पंप घेऊन आली, नळीचं तोंड माझ्या अंगठ्याखाली दाबून धरायला लावलं आणि दांडा मारत सुटली. पहिल्यांदा नुसता फुसकारा. मग ती म्हणाली, आता पंपाच्या बुडाला हात लावा. दारातलं सगळं लोखंड दहिवरानं गार पडलेलं, आणि ते बूड तेवढं गरम. आजारी पोराच्या कपाळागत गरम.

"हातानं दाबून एवढी तापली, आत्या. इंजिन हवेला मुठीत धरून इतकं आवळतं, की ती तापून लाल व्हायची बाकी राहती. मग तिच्यावर डिझेलचा फवारा पडला की भडका. दर फेऱ्याला भडका."

मी पंप खाली ठेवला नाही. उभा जन्म चुलीपुढं फुंकणी घेऊन बसले. हवा विस्तवाला जागवते, हे मला ठाऊक होतं. हवेच्याच पोटात विस्तव असतो, हे कुणी सांगितलं नव्हतं.

थंडीत हवा आधीच गार, वर सभोवतीचं लोखंड गार. आवळून आलेली ऊब ते लोखंडच पिऊन टाकतं. म्हणून इंजिनात हीटर बसवलेले असतात, बोटाएवढे, आधी आत ऊब करायला. तेच जळाले असणार, असं धम्मदीपा म्हणाली. तिनं एक सोडवून काढला, चिमट्यात धरून बॅटरीची वायर लावली. टोक काळं होतं. ते तांबूस झालं, मग लाल, मग पिकलं जांभूळ उलटं कच्चं होत जावं तसं पिवळं. तिनं एकेक करून सगळे बघितले. सगळे पेटले.

तेव्हा मात्र तिचा चेहरा पडला. हीटर धड, बॅटरी धड, डिझेल धड, आणि गाडी मुकी. अभय म्हणाला, बघ, सांगत होतो, गाडीच वाईट हाय. तिनं हीटर परत बसवले आणि त्याला म्हणाली, तुम्ही रोज करता तसं करून दाखवा. मी गाडीच्या दारात पाय ठेवून आत बघत होते. त्यानं चावी फिरवली, समोर दिव्याचं एक पिवळं वेटोळं उजळलं, आणि त्यानं लगेच सेल्फ मारला.

"थांबला न्हाई?" तिनं विचारलं.

थांबायचं कशाला, तो म्हणाला. उन्हाळ्यात ज्याच्याकडून गाडी घेतली, त्या किशोरनंच शिकवलं होतं, "चकली झाली की सेल्फ मार." चकली म्हणजे ते वेटोळं.

"बरोबर शिकवलं की," ती म्हणाली.

"मग? झाली की मारतोच मी."

दोघं एकच बोलत होती आणि एकमेकांना खोटं पाडत होती. मला राहवेना.

"आरं, झाली कुटं? आत्ता तर तेलात पडली. दिसली म्हंजे झाली व्हय? पहिल्यांदा चकली फसफसती. फेस निवला, तेल गप झालं, म्हंजे झाली. तू कच्चीच काढतुयास."

धम्मदीपानं तोंडावर हात घेतला. दिवा पेटला म्हणजे हीटर तापायला लागले, दिवा विझला म्हणजे तापून झाले. उन्हाळ्यात कच्ची चकलीही चालून जात होती, थंडीनं चूक उघडी पाडली. नवऱ्याला एवढं ठाऊक आहे का, हे विचारायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

फाट्यावर शंभूची मोटारसायकल वळताना दिसली. अभयनं चावी फिरवली. दिवा पेटला. आम्ही तिघं त्या पिवळ्या वेटोळ्याकडे बघत राहिलो, आणि मी श्वाससुद्धा घेतला नाही, न जाणो माझ्या वाट्याची हवा त्याला कमी पडायची. दिवा विझला. त्यानं सेल्फ मारला. एक खर्रर्र झाली, आणि गाडी गरजली. पत्रा थरथरला, कोंबड्या पांगल्या. पांढरा धूर आला, विरळ झाला, दिसेनासा झाला.

शंभू गाडी न्यायला आलोय म्हणाला. अभय खाली उतरला आणि त्याच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाला, "द्यायची न्हाई, दादा. तुला हेलपाटा पडला." मी शंभूला चहा विचारला. तो नको म्हणाला. मीही आग्रह केला नाही.

मग दोघं नवराबायको भाजीच्या पाट्या चढवायला लागली. नाक्यावरच्या पोरांची आठवण अभयला झाली नसावी, कारण त्यानंच तिला पुढं बसायला सांगितलं. मी बॉनेटवर हात ठेवून उभी होते. हाताखाली, लोखंडाच्या आत, साधी हवा आवळली जात होती आणि पेटत होती, सुटत होती आणि परत पेटत होती, माझ्या नाडीपेक्षा भराभरा. तीच हवा, जी मी नाकानं घेते. अभयनं दोनदा हॉर्न वाजवला, तेव्हा कुठं मी बाजूला झाले.