दोन खाऱ्या तलावांमधला मी

जरा पेटीचं झाकण किलकिलं करा, म्हणजे मला नीट बोलता येईल. मी एक सूक्ष्मदर्शक. शाळेत मला मायक्रोस्कोप म्हणतात. सुलतानपूरच्या तानुबाईंनी मला 'बारीक पाह्याची दुर्बीण' असं नाव दिलं आणि मला तेच जास्त आवडलं.

माझा जन्म जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. तिथली फारशी आठवण नाही. पांढऱ्या हातमोज्यांची बोटं, पुसलेल्या काचा आणि मग लगेच अंधारी पेटी. मला खरी दृष्टी आली ती केनियात, एका खाऱ्या तलावाच्या काठच्या शाळेत. तिथल्या विज्ञानाच्या शिक्षिकेचं नाव जेपकोस्गे. तिनं तलावाचं थेंबभर पाणी काचपट्टीवर ठेवलं, डोळा लावला आणि हसली. मीही पहिल्यांदाच पाहत होतो. पाण्यात बारीक हिरव्या स्प्रिंगा तरंगत होत्या. शेवाळाचीच ती एक जात. खारट पाण्यातच ती फोफावते, आणि तिच्यावर पोट भरायला हजारो रोहित पक्षी तलावावर येतात.

मग तलाव वाढू लागला. पाऊस वाढला होता, पाणी दरसाल वर सरकत होतं. गोड्या पाण्यानं खार पातळ झाला. माझ्याखालच्या स्प्रिंगा विरळ होत गेल्या. मी ते रोज पाहत होतो, पण मला दाखवता येतं, ओरडता येत नाही. पक्षी उडून गेले. शेवटी पाणी शाळेत शिरलं. जेपकोस्गे कमरेएवढ्या पाण्यातून मला डोक्यावर घेऊन बाहेर आली. बाकीची प्रयोगशाळा बुडाली. तेव्हापासून मी स्वस्थ नाही. पेटीत असलो तरी माझ्या काचा पाण्याची चाहूल घेत असतात.

त्यानंतर काही देशांनी मिळून एक कार्यक्रम काढला. जगातल्या खाऱ्या तलावांकाठच्या शाळांच्या जोड्या लावायच्या. मुलांनी आपापलं पाणी तपासायचं, आपल्या तलावाच्या गोष्टी एकमेकांना सांगायच्या आणि तो कसा टिकेल हे मिळून शोधायचं. जेपकोस्गेच्या शाळेची जोडी लागली ती लोणार सरोवराजवळच्या सुलतानपूरच्या एका शाळेशी. मला घेऊन ती इकडे निघाली. तिच्या शाळेला लवकरच नवा सूक्ष्मदर्शक मिळेल, असं तिला सांगण्यात आलं होतं.

सुलतानपुरात ती उतरली पुष्पांजलीच्या घरी. पुष्पांजली तिथल्या शाळेत विज्ञान शिकवते. घरी सासू तानुबाई, सासरे उकंडराव, आणि मागच्या अंगाला वांगी-मेथीचा मळा. पुष्पांजली आणि जेपकोस्गे इंग्रजीत बोलत. तानुबाई मात्र सरळ वऱ्हाडीत बोलायच्या, आणि आश्चर्य म्हणजे त्यांचं अडत नसे.

"हे घे बाई, गरम हाय. तुह्या देशात भाकर करतेत का?"

जेपकोस्गेनं ज्वारीची भाकर हातात फिरवून पाहिली आणि पुष्पांजलीला म्हणाली, "आमच्याकडेही हेच धान्य पिकतं. आम्ही त्याची लापशी करतो."

"मंग तू परकी कशाची?" तानुबाई म्हणाल्या आणि तिच्या ताटात आणखी एक भाकर टाकली.

लोणासुराची गोष्ट तानुबाईंनीच तिला सांगितली. देवानं त्या राक्षसाला जमिनीत गाडलं, तिथं हा खळगा झाला, असं त्या हातवारे करून सांगत होत्या. आकाशातून आदळलेल्या दगडाची गोष्ट पुष्पांजलीनं सांगितली. जेपकोस्गेनं दोन्ही गोष्टी आपल्या मुलांना कळवल्या. तिकडच्या मुलांनी उलट विचारलं, राक्षस कुठून आला होता, दगडावर बसून का? तानुबाई खूप वेळ हसत होत्या.

ते माझे चांगले दिवस. वनखात्याची परवानगी काढून वर्ग सरोवराच्या खळग्यात उतरायचा. बाभळीतली पायवाट, मोरांचे आवाज, आणि काठाशी आल्यावर नाकात शिरणारा तो उग्र वास. मुलं बाटलीत पाणी भरून शाळेत आणायची. पहिल्याच थेंबात मला माझ्या ओळखीच्या स्प्रिंगा दिसल्या. हजारो कोस दूर, तेच हिरवे वेढे. मला घरी आल्यासारखं वाटलं.

वर्गात अर्पिता नावाची मुलगी होती. तिला डोळा लावायला मिळाला की ती लवकर उठत नसे. मागची पोरं कुरकुरायची, "अबे, तिले उठव ना, आमची पारी कवा येईन?" ती बघता बघता कागदावर चित्र काढायची, कागदाकडे न पाहता.

मग इथंही पाणी वाढायला लागलं.

पहिल्यांदा कुणी लक्ष दिलं नाही. नेहमीचा काठ पाण्याखाली गेला, तशी मुलं वरूनच बाटल्या भरू लागली. काठावरच्या देवीच्या देवळाच्या पायऱ्यांना पाणी लागलं. माझ्याखाली स्प्रिंगा कमी दिसू लागल्या. हे सगळं मी एकदा पाहिलं होतं. पुढं काय होतं तेही मला माहीत होतं.

एके दिवशी उकंडराव लोणारहून परतले ते खुशीत. "कधी पाह्यलं नव्हतं ते पाह्यलं आज. त्या खाऱ्या पाण्यात मासोळ्या झाल्या. चांगलंच झालं म्हना."

जेपकोस्गेला पुष्पांजलीनं अर्थ सांगितला. जेपकोस्गे मेथी निवडत बसली होती, तिनं जुडी खाली ठेवली. "हे चांगलं नाही," ती म्हणाली. "आमच्या लोकांनाही असाच आनंद झाला होता. मासे जगतात म्हणजे तलावाचा खार संपत चाललाय. खार गेला की तो तलाव राहत नाही, नुसतं डबकं होतं."

दुसऱ्या दिवशी उकंडराव स्वतः मुलांबरोबर खळग्यात उतरले आणि पूर्वी पाणी कुठपर्यंत असायचं ते दाखवत काठाकाठानं फिरले. मुलांनी त्या सगळ्याचा नकाशा केला. पुष्पांजलीनं तो तालुक्याला, जिल्ह्याला, विद्यापीठाला पाठवला. दोन ठिकाणांहून उत्तर आलं. एक तरुण संशोधिका येऊन पाण्याचे नमुनेही घेऊन गेली. काम कुठं सुरू होतंय, तोच कार्यक्रम बंद पडला. मोठ्या देशांनी हात आखडता घेतला, एवढंच आम्हाला कळलं. जेपकोस्गेला परत बोलावण्यात आलं. मीही परत जायचा होतो.

पण तिनं मला पुष्पांजलीच्या हातात दिलं. "पावसाळ्यानंतरचे नमुने तपासून घे. मग पाठव. तोवर आमचा नवा आलेला असेल."

पावसाळा संपला. नमुने तपासून झाले. तिकडं नवा आलाच नाही. जेपकोस्गे फोनवर विचारायची आणि पुष्पांजली म्हणायची, "एवढा महिना जाऊ दे." मग तूर निघायची होती. मग परीक्षा. ती खोटं बोलत नव्हती, पण फोन ठेवल्यावर माझ्याकडे पाहायचं टाळायची. मलाही कुठं ठरवता येत होतं? इथं अर्पिता होती, तिथं ज्या बाईनं मला बुडताना वाचवलं ती होती. मी टेबलावर उभा असायचो आणि माझ्यात दोन्हीकडचं पाणी डुचमळायचं.

एका दुपारी दोन्ही वर्ग फोनवर समोरासमोर बसले. इकडच्या मुलांनी माझ्याखालचं पाणी दाखवलं. मग तिकडची पाळी आली. त्यांची शाळा आता टेकडीवर, पत्र्याच्या खोल्यांत भरते. एका मुलानं काचेच्या पेल्यात तलावाचं पाणी घेतलं होतं. तो पेला उन्हाकडे धरायचा, आणि रांगेतली मुलं एक डोळा मिटून त्यात पाहायची. काही दिसत नव्हतं. तरी प्रत्येकानं आपली पाळी येईपर्यंत वाट पाहिली.

घरी आल्यावर पुष्पांजली चुलीपाशी नुसतीच बसली. तानुबाईंनी विचारलं, तशी तिनं सगळं सांगितलं.

"मंग तू काऊन धरून राह्यली त्याले?"

"आई, इथल्या लेकरायनं काय कराव मंग? आता कुठी लोकं आपलं आयकून राह्यले."

"ते मले समजत नाही. पन तिनं भरल्या पान्यातून काढलेली वस्तू इथं आनून देल्ली. तिच्या लेकरायच्या हातात पेला अन् आपल्या घरात दुर्बीण, हे मले गोड लागत नाही."

तिकडं केनियात खाऱ्या तलावांकाठच्या शिक्षकांची एक बैठक भरणार होती. कार्यक्रम बंद पडला तरी शिक्षकांनी आपसांत ती ठरवली होती, येण्याजाण्यापुरती मदत एका संस्थेनं दिली होती. पुष्पांजलीलाही बोलावणं होतं. घरातलं, शेतातलं पाहून तिनं आधी नकार कळवला होता. त्या संध्याकाळी तिनं येते म्हणून सांगितलं.

"एवढ्या दूर एकटी बाईमानूस?" उकंडराव म्हणाले.

"ते बाई आलती ना तिकडून एकटी," तानुबाई म्हणाल्या, आणि विषय संपला.

शेवटच्या दिवशी पुष्पांजलीनं सगळ्या वर्गाला माझ्यातून पाहू दिलं. स्प्रिंगा थोड्या होत्या, पण होत्या. अर्पिता आली नाही. ती दारात उभी होती.

"मॅडम, मंग आमचं काय?"

"मले माहीत नाही, अर्पिता," पुष्पांजली म्हणाली. मेहकरच्या कॉलेजात सूक्ष्मदर्शक आहेत, तिथं महिन्यातून एकदा मुलांना न्यायची परवानगी तिनं काढली आहे, पण ते तिनं तेव्हा सांगितलं नाही. महिन्यातून एकदा म्हणजे किती थोडं, हे तिला ठाऊक होतं.

आत्ता मी पेटीत आहे. पेटी पुष्पांजलीच्या मांडीवर आहे, आणि एसटी जालन्याच्या रस्त्यानं धावते आहे. सकाळी फाट्यावर अर्पिता आली होती. पुष्पांजलीनं तिला विचारलं, "तिकडून तुह्यासाठी काय आनू?"

"हेच," ती म्हणाली, आणि पेटीवर बोट ठेवलं.

मी परत येणार नाही. यावं तरी कसं? तिथं रांग लागलेली आहे. पण इथून गेल्यावर सरोवराचं पाणी कुठवर चढलं, त्या थोड्याशा स्प्रिंगांचं काय झालं, हे मला कोण सांगणार? प्रत्येक खड्ड्यागणिक मला वाटतं, गाडी वळवा. आणि पुढच्याच वळणाला वाटतं, लवकर न्या.

तुम्ही कुठल्याही शाळेत शिकवत असाल तर एक करा. तुमच्या कपाटात माझा एखादा भाऊ असेल. फुटेल म्हणून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, तपासणीच्या दिवशी टेबलावर मांडलेला, आणि संध्याकाळी पुन्हा कुलपात गेलेला. त्यानं अजून एक थेंबही पाहिला नसेल. त्याला बाहेर काढा. तुम्हाला नकोच असेल, तर सुलतानपूरला पाठवा.

तिथं एक मुलगी बाटली भरून बसली आहे.