सोनं उपसायचं मशीन

विक्रांतला एका जागी बसता येत नाही. जेवताना त्याचा गुडघा हलतो, झोपेत पाय हलतात, आणि दर तीन-चार वर्षांनी त्याच्या अंगात आलं की आम्ही देशच बदलतो. पुणे, मस्कत, क्वालालंपूर, सिंगापूर. माझ्याकडे एक पेटी आहे, नुसत्या पडद्यांची. एका घरचे पडदे दुसऱ्या घरच्या खिडक्यांना कधी बसले नाहीत, आणि मला ते टाकवत नाहीत.

सिंगापुरात मात्र मी रुळले. क्लेमेंटीच्या हॉकर सेंटरमधला, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारातला, कोपीवाला मला बघितलं की न विचारता कमी साखरेची कोपी, म्हणजे तिथली कॉफी, पुढे सरकवायचा. आमच्या अकरा वर्षांच्या इराला पहिल्यांदाच शाळेत जिवाभावाच्या मैत्रिणी मिळाल्या. पीआरचा, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा, अर्जही भरून झाला होता. आणि नेमकं तेव्हाच, २००६ साली, नवरोबांनी ते मशीन आणलं.

चांगी बिझनेस पार्कमधल्या विक्रांतच्या ऑफिसातला एक न्यूझीलंडचा माणूस नोकरी सोडून लंडनला निघाला होता; त्याने ते विक्रांतला देऊन टाकलं. त्याचे वडील सत्तरच्या दशकात हे मशीन पाठीवर बांधून तिकडच्या डनेडिन शहराजवळच्या ओढ्यांत सोनं शोधायला जात. गंजलेलं पेट्रोल इंजिन, एक पंप, हत्तीच्या सोंडेसारखा पाइप आणि आडव्या पट्ट्या ठोकलेली ॲल्युमिनियमची पन्हळ, एवढाच त्याचा संसार. पाइपाने ओढ्याच्या तळची रेती ओढायची आणि पन्हळीतून वाहू द्यायची. हलकं ते वाहून जातं, जड ते पट्ट्यांच्या मागे अडकून राहतं. जड म्हणजे सोनं.

फ्लॅटमध्ये पेट्रोलचं इंजिन ठेवायला मी साफ नकार दिला. मग ते दिलीपकाकांच्या पोर्चमध्ये गेलं. दिलीपकाका म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले अकाउंटंट, सिंगापूरचेच नागरिक झालेले. वेस्ट कोस्टला त्यांचं बैठं घर आहे आणि विक्रांतच्या कुठल्याही खुळाला नाही म्हणायची त्यांच्यात ताकद नाही. प्रत्येक शनिवार-रविवार तिथेच जायला लागला. विक्रांतने कार्ब्युरेटर रॉकेलमध्ये बुडवून घासला, सायकलच्या ट्यूबमधून वायसर कापले, सुंगेई रोडच्या जुन्या बाजारातून पंपाचं पातं शोधून आणलं. घरी यायचा तेव्हा नखं काळी आणि डोळे चमकत असायचे.

ते डोळे मी ओळखते. एक दिवस चहा पिता पिता तो म्हणाला, "डनेडिनला एक नोकरी आहे. मला घेतायत. सोमवारपर्यंत कळवायचंय."

"तुला शोधत आले का ते?"

"अर्ज केला होता."

मग जे व्हायचं ते झालं. मी बोलले, भरपूर बोलले. इरा तिच्या खोलीत जाऊन बसली. शेवटी विक्रांत म्हणाला, "अनुया, रविवारी मशीन चालवून बघू. त्याने सोनं धरलं तर जायचं. नाही धरलं तर तू म्हणशील तिथे, मरेपर्यंत क्लेमेंटी."

आयुष्याचा निर्णय असा कोणी करतं का? पण मी हो म्हटलं. त्या मशीनवर माझा काडीचाही विश्वास नव्हता.

रविवारी सकाळी पोर्चमध्ये लहान मुलांचा प्लास्टिकचा पोहण्याचा हौद मांडला. त्यात पाणी आणि दोन पोती रेती. विक्रांत म्हणाला, "थोडं सोनं दे ना. रेतीत मिसळू, बघू सापडतं का. हौदातून कुठे जाणार आहे?"

माझ्या पर्समध्ये आईची बोरमाळ होती. दोरा तुटला होता, ओवून घ्यायला लिटिल इंडियात न्यायची म्हणून मणी एका डबीत घातले होते. मी डबी त्याच्या हातावर ठेवली.

दोरी ओढल्यावर इंजिन खोकलं, पुन्हा ओढल्यावर गुरगुरलं आणि मग खरोखरच सुरू झालं. दिलीपकाकांनी टाळ्या वाजवल्या. विक्रांत पाइप धरून हौदात वाकला, आणि रेती पन्हळीवरून धो धो वाहायला लागली.

तेवढ्यात पहिला मणी दिसला. पट्टीवर आला, टुणकन उडाला, पुढच्या पट्टीवरून घरंगळत परत हौदात. मग दुसरा, मग चार-पाच एकदम. एकही थांबला नाही. विक्रांतने पन्हळीचा उतार कमी केला, पाणी कमी केलं. मणी आपले उड्या मारत निघून जात राहिले.

त्याने इंजिन बंद केलं.

"पप्पा, never mind lah," इरा म्हणाली. तिला आनंद लपवता येत नव्हता. "We stay here, okay?"

विक्रांत पोर्चच्या पायरीवर बसला. हात मांडीवर, नजर पन्हळीवर. "पन्हळच चुकलीय," तो हळूच म्हणाला. "मला काही जमत नाही गं."

त्याचा गुडघा हलत नव्हता. बारा वर्षं मी वाट पाहिली होती की हा माणूस एकदा तरी स्वस्थ बसेल. आता तो बसला होता आणि मला ते बघवत नव्हतं.

कारण मला माहीत होतं. पहिला मणी उडाला तेव्हाच लख्ख आठवलं. बोरमाळेचा मणी भरीव नसतो. वर सोन्याचा कागदासारखा पातळ पत्रा आणि आत लाख. लहानपणी एक मणी चेपला गेला तेव्हा आईने मला आतली लाख दाखवली होती. हा इंजिनिअर, त्याला कुठून ठाऊक असणार? मी गप्प राहिले असते तर संपलं होतं. माझं घर, माझी कोपी, इराच्या मैत्रिणी, सगळं जागच्या जागी राहणार होतं.

"विक्रांत, त्या मण्यांत लाख असते," मी म्हटलं. "भरीव सोनं नसतं ते, हलके असतात. तुझं मशीन बरोबर आहे."

त्याने वर पाहिलं. मी बोटातली अंगठी काढली, भरीव, लग्नातली, आणि हौदात टाकली. "चालू कर."

इंजिन सुरू झालं. रेती वाहिली, मणी पुन्हा उड्या मारत गेले. अंगठी पन्हळीत आली आणि पहिल्याच पट्टीमागे थांबली. पाणी तिच्यावरून जात राहिलं. विक्रांतचा पाय ठेका धरायला लागला.

"Mummy," इराचा आवाज रडवेला झाला होता, "why you tell him?"

मी हौदात वाकले आणि आईचे मणी वेचायला लागले.

"आधी तिकडच्या खिडक्यांची मापं मागव," मी विक्रांतला म्हटलं. "या वेळी पडदे मी त्या मापाचेच शिवणार आहे."