मधलं माणूस

सरांनी उत्तरपत्रिका फिरवून बाईंपुढे धरली आणि एका आकृतीवर बोट टेकवलं.

“हे बघा. मधे कार्बन, चार बाजूंना चार हायड्रोजन, आणि जोडणारी एकही रेघ नाही. हे मिथेन आहे की भांडण झालेलं कुटुंब?”

बाई हसल्या नाहीत. अकरावीच्या त्या वर्गात एकच मुलगी कर्णबधिर होती. सरांचं बोलणं तिला हातांच्या खुणांत सांगायचं आणि तिच्या खुणा मोठ्यानं बोलून दाखवायच्या, हे बाईंचं काम होतं. मुलीचं नाव हजेरीपटात वेगळं होतं, पण खुणांच्या भाषेत तिचं नाव म्हणजे गालावर टेकवलेलं बोट. त्यामुळे बाईंच्या लेखी ती खळीच होती.

आकृतीखाली खळीनं लिहिलं होतं : ‘कार्बन एक इलेक्ट्रॉन आणतो. हायड्रोजन एक आणतो. दोघे वाटून घेतात. प्रत्येकाला एक मिळतो. म्हणजे आधी होतं तेच. म्हणून बंध होत नाही.’

“वाक्यं तरी सरळ आहेत,” बाई म्हणाल्या.

“सरळ आहेत, पण भलत्याच गावाला चाललीत. अहो, कार्बनचे बंध हा सेंद्रिय रसायनाचा पाया. पायाच कच्चा म्हटल्यावर वर काय बांधणार? मी प्राचार्यांशी बोललोय. उद्या तिच्या वडिलांना बोलावलंय. कला शाखेत जाऊ दे, सुखानं शिकेल पोर.”

बाईंनी ते उत्तर पुन्हा वाचलं.

“सर, मग खरं काय होतं?”

सरांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. दोन महिने समोर उभं राहून आपलं वाक्यन् वाक्य हातांनी सांगणारी बाई हा प्रश्न विचारते आहे, याचं त्यांना नवल वाटलं असावं.

“वाटून घेत नाहीत हो. पुस्तकात भागीदारी म्हटलंय. एक याचा, एक त्याचा, अशी जोडी होते आणि ती जोडी दोघांचीही असते. कुणी आपला हिस्सा घेऊन घरी जात नाही. दोन्ही अणूंची केंद्रकं त्याच जोडीला आपल्याकडे ओढतात, म्हणून तर अणू एकमेकांना धरून राहतात. हिनं वाटणी कुठून आणली कोण जाणे.”

वाटणी कुठून आली ते बाईंना ठाऊक होतं. भागीदारी या शब्दाला त्यांच्याजवळ खूण नव्हती. त्यांनी तळहातावर दुसऱ्या हाताची कड टेकवून दोन भाग केले होते : हा तुझा, हा माझा. खळीनं त्याच तासाला हात वर केला होता. ‘वाटणी झाल्यावर ते एकत्र का राहतात?’ सर फळ्याकडे तोंड करून लिहीत होते. मागच्या बाकावर कुणीतरी खिदळत होतं. बाईंना प्रश्न पोरकट वाटला. वर्ग हसेल, पोर कोमेजेल, म्हणून त्यांनी ‘नंतर’ अशी खूण केली. ते नंतर कधी आलंच नाही.

“सर,” बाई म्हणाल्या.

निघालेले सर दारातून वळले.

“काही नाही.”

ही त्यांची जुनी खोड होती. बाईंचा मोठा भाऊ जन्मापासून बहिरा, आईला खुणा येत नव्हत्या, आणि दोघांच्या मधे लहानगी ही. आई ओरडायची, ‘सांग त्या गाढवाला, घरी यायची ही वेळ नव्हे!’ ती दादाला खुणेनं सांगायची, ‘आई म्हणते, जेवून घे.’ दादा रागानं हात नाचवायचा; ती आईला म्हणायची, ‘दमलोय म्हणतो.’ दोन्हीकडे साखर पेरून तिनं घर शांत ठेवलं होतं. सगळे तिला गुणाची म्हणायचे. दादाला मात्र कित्येक वर्षं कळलं नव्हतं, की आई आपल्यावर इतकी चिडते.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीत पाच खुर्च्या अर्धवर्तुळात मांडल्या होत्या. खळी वडिलांशेजारी बसली. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. हात घासून धुतले तरी नखांतलं वंगण गेलं नव्हतं, म्हणून त्यांनी मुठी मिटून मांडीवर ठेवल्या होत्या. त्यांना घरच्यापुरत्या खुणा येत होत्या. बाई खळीच्या समोर, सरांच्या बाजूला बसल्या.

सर बोलले. बाईंनी त्यातलं काही गाळलं नाही; ‘पाया कच्चा’ हेही नाही. खळी टक लावून पाहत राहिली.

“तुला काय वाटतं, बाळ?” प्राचार्यांनी विचारलं.

खळीचे हात सावकाश हलायला लागले. बाईंनी तिचं बोलणं नेहमीप्रमाणे ‘मी’ लावून बोलायला सुरुवात केली.

“मला कला शाखा नको. मला हा विषय आवडतो. सर म्हणाले, साखर आणि पेट्रोल दोन्हीत कार्बन आहे. घरी जाऊन मी सगळ्या वस्तूंकडे बघत बसले.”

सरांनी मान वर केली.

“माझं उत्तर चुकलं. पण मला जे सांगितलं, त्यावरून तेच उत्तर येतं.”

इथे खळी थांबली. तिनं बाईंकडे पाहिलं, मग पुढच्या खुणा अगदी स्वच्छ, एकेक करून केल्या. तिला ओठ थोडेफार वाचता येत होते, आणि आता ती बाईंच्या हातांकडे नाही, ओठांकडे पाहत होती.

बाईंच्या मनात तेवढ्यात एक मवाळ वाक्य तयार झालं. तासाला थोडा गोंधळ झाला, असं काहीतरी. खोटंही म्हणता आलं नसतं. खळीशिवाय कुणालाच कळलं नसतं.

“मी तासाला प्रश्न विचारला होता,” त्या म्हणाल्या. “वाटून घेतल्यावर अणू एकत्र का राहतात? बाईंनी तो सरांना सांगितलाच नाही. नंतर म्हणाल्या. असे बरेच प्रश्न नंतरवर गेले.”

खळीचे हात पुन्हा उचलले गेले. बाईंचा आवाज जरा खाली गेला, पण शब्द स्पष्ट होते.

“मला बाई आवडतात. त्या माझ्याशी चांगल्या वागतात. पण रसायनाच्या तासाला मला दुसरं माणूस हवं. ज्याला रसायन येतं असं.”

वडील गोंधळून पुढे झुकले.

“म्हणजे... हे तुम्ही म्हणताय, का आमची पोर?”

“तुमची मुलगी म्हणतेय.”

वडिलांनी मुलीकडे पाहिलं. खळीनं मान हलवली. त्यांच्या मुठी नकळत उघडल्या.

“माझ्यासमोर तर ही जेवायला वाढ, दार लाव, एवढंच बोलते,” ते म्हणाले.

प्राचार्यांनी घसा साफ केला. “मागणी रास्त आहे. पण खुणा येणारं आणि रसायनही येणारं माणूस शोधायला वेळ लागेल. तोवर काय करायचं?”

बाईंनी आधी खळीला खूण केली : आता मी माझं बोलणार आहे. इतक्या दिवसांत ही खूण त्यांनी या मुलीपुढे एकदाही केली नव्हती. मग त्या बोलल्या, आणि बोलता बोलता हातांनीही तेच सांगत राहिल्या.

“तिचं बरोबर आहे. तिचे प्रश्न मी गिळले. मला रसायन येत नाही, हे मी कुणाला सांगितलंही नाही. माणूस मिळेपर्यंत मी येईन. पण सरांनी मला रोज तासाआधी तो धडा शिकवायला हवा. आणि तिचा पेपर पुन्हा घ्यायला हवा.”

सर टेबलावरच्या कागदांची कोपऱ्याला कोपरा लावून चवड करत राहिले. सकाळी तासाआधीचा तेवढाच त्यांचा मोकळा वेळ होता, हे सगळ्या कर्मचाऱ्यांना ठाऊक होतं.

“बरं. या उद्यापासून,” ते शेवटी खाली बघूनच पुटपुटले.

खळीला त्यांचे ओठ दिसले नव्हते. तिनं बाईंना विचारलं, ‘काय म्हणाले?’

बाईंनी खूण केली : ‘या उद्यापासून.’ क्षणभर थांबून त्यांनी सरांसारखी मान खाली घातली, कपाळाला तशाच आठ्या घातल्या, आणि तेही तिला सांगितलं.